तबकडीतील स्वर संगणकात उतरताना

स्टिरिओ तबकडीच्या खाचेच्या दोन्ही भिंतींवर डाव्या व उजव्या बाजूचा ध्वनी स्वतंत्रपणे कोरलेला असतो. सुईच्या कंपनांपासून चुंबकीय कार्ट्रिजमध्ये निर्माण होणारा विद्युत्संकेत मात्र जेमतेम काही मिलिव्होल्टचा असल्याने तो थेट संगणकाला जोडून भागत नाही. खाच फार रुंद होऊ नये म्हणून मुद्रणाच्या वेळी खर्जाचे स्वर दाबले जातात, तर पृष्ठभागाची खरखर झाकली जावी म्हणून तीव्र स्वर उठवले जातात. १९५० च्या दशकात रूढ झालेल्या या प्रमाणित पद्धतीला ‘आरआयएए’ वक्र म्हणतात, आणि संकेत वाढवतानाच हा वक्र उलटा फिरवून मूळ तोल परत आणण्याचे काम ‘फोनो प्रीअँप’ हे उपकरण करते.

त्यानंतर संगणक या अखंड लहरीची ठरावीक अंतराने मोजणी करतो, जिला नमुनाकरण म्हणतात. मानवी श्रवणाच्या सुमारे २०,००० हर्ट्झ या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी आवश्यक असल्यामुळे सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. ध्वनिपातळी शून्य डेसिबल या डिजिटल मुद्रणातील कमाल मर्यादेपलीकडे गेली, तर लहरींचे माथेच छाटले जातात; म्हणून सर्वांत मोठा आवाजही या मर्यादेच्या बराच खाली ठेवणे इष्ट ठरते.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची खाच बरीच रुंद असल्याने त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. खरखर काढणारी आज्ञावली तंबोऱ्याच्या जवारीतील सूक्ष्म स्वरांशही पुसू शकते; त्यामुळे अशी सफाई नेहमी प्रतीवर करावी आणि मूळ मुद्रण ‘फ्लॅक’सारख्या, ध्वनीतील काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात जपावे.