पगाराच्या तारखेवर चालणारा किराणा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातला किराणा कारखान्याच्या पगारावर चालत आला आहे. पगार कधी व्हावा हे १९३६च्या वेतन कायद्याने ठरवून दिले होते. हजाराच्या आत कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि त्याहून अधिक असतील तर १० तारखेपर्यंत. दुकानातली वसुली, नव्या मालाची भरणी आणि व्यापाऱ्याचे देणे या तारखांच्या मागोमाग जाई.

कारखाने येण्यापूर्वी हिशेब सुगीवर चाले. गावातला वाणी किंवा मारवाडी दुकानदार मीठ, गूळ, कापड उधार देई आणि पीक हाती आल्यावर व्याजासह वसूल करी. ही उधारी किती जाचक होती ते १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दिसले. तिथे उसळलेल्या जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारण कायदा करावा लागला.

फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी निर्वासित वसले आणि त्यांच्या छोट्या दुकानदारीतून शहराची मोठी बाजारपेठ उभी राहिली. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, आणि त्याच दशकात टेल्को व बजाजही आले. १९७०ची नगरपालिका १९८२ मध्ये महापालिका झाली. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे इकडे लोटली. नवख्या कुटुंबाला खोली मिळाल्यावर पहिली गरज असे ती खाते उघडून देणाऱ्या दुकानाची.

या खात्याच्या दोन वह्या असत. मोठी दुकानदाराच्या गल्ल्याजवळ आणि हाताएवढी छोटी गिऱ्हाइकाच्या घरी, पिशवीत गुंडाळून खिळ्याला टांगलेली. पोराला सामानाला पाठवताना ती बरोबर जाई आणि ‘साखर १, तेल अर्धा, चहा पुडी’ अशी नोंद दोन्हीकडे एकाच वेळी पडे. महिनाअखेर बेरीज, पगाराला जमा, राहिलेली रक्कम ‘मागील बाकी’ म्हणून पुढच्या पानावर. व्याज नाही. पण उधारीला निव्वळ उपकार समजणे भाबडेपणाचे ठरेल. खातेवाल्याला भाव पाडून मागता येत नसे आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याचीही चोरी असे.

कारखाने येऊ लागले त्याच सुमारास नाणी आणि मापेही बदलली. १ एप्रिल १९५७ला आण्यांच्या जागी नवे पैसे आले. पाठोपाठ सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर जाऊन किलो आला. ‘पावशेर’ हा शब्द मात्र पाव किलोसाठी बोलण्यात टिकून राहिला. पोत्याची दुमडलेली तोंडे, १५ किलोचा तेलाचा डबा, वर टांगलेली सुतळीची रिळे आणि रद्दीच्या पुड्या हे दुकानाचे रूप पाकिटबंद मालाने हळूहळू पुसले. १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले, त्यामुळे दुकानदाराला स्वतः भाव ठरवण्याची मोकळीक उरली ती सुट्ट्या डाळी-तांदळात. तो माल पुण्याच्या गुलटेकडीतील भुसार बाजारातून टेम्पोने येतो.

पगार थांबला की खाते फुगते. १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांचा लढा शनिवारवाड्यावरील उपोषणापर्यंत ताणला गेला. अशा काळात दुकानदाराला माल बंद केला तर गिऱ्हाईक कायमचे जाते आणि चालू ठेवला तर स्वतःचे भांडवल अडकते.

ग्राहकांनीही पर्याय शोधले होते. मुंबईत १९४८ मध्ये कामगारांच्या सहकारातून अपना बाजार निघाला, तर १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. खरा फटका मात्र २००२ मध्ये पवईतून सुरू झालेल्या डी-मार्टने दिला. कायम नोकरीच्या, म्हणजे सर्वांत भरवशाच्या कुटुंबांची महिन्याची यादी तिकडे गेली. कोपऱ्यावरच्या दुकानाला उरले दूध, पाव, ऐनवेळी संपलेली मोहरी आणि ज्यांच्याकडे महिन्याचे पैसे एकदम नसतात असे गिऱ्हाईक.

चाकणची गोष्ट थोडी वेगळी. कांदा-बटाट्याच्या या बाजारगावाभोवती १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि पाठोपाठ महिंद्राचे प्रकल्प आले. महाळुंगे, कुरुळी, निघोजे, खराबवाडी येथे जमिनीच्या पैशांतून खोल्यांच्या चाळी उठल्या आणि पुढच्या बाजूला गाळे निघाले. खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, विदर्भाकडचे कंत्राटी कामगार राहतात, म्हणून फळीवर सातू आणि मोहरीचे तेल आले. ठेकेदाराचे काम संपले की माणूस गाव सोडतो. त्यामुळे उधारी खोलीमालकाच्या ओळखीवर आणि आठवड्याभरापुरतीच दिली जाते. २०२०च्या टाळेबंदीत मजूर गावी निघाले तेव्हा अशी कित्येक खाती तशीच राहिली. त्यानंतर यूपीआयची चौकोनी खूण काउंटरवर सर्रास दिसू लागली. रोखीतला सुट्ट्या पैशांचा घोळ तिने मिटवला, उधारीचा नाही.

वाकड, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत आता मिनिटांत घरपोच देणारी ॲपे आहेत. चाकणच्या चाळींत मात्र नवी किराणा दुकाने निघतच आहेत. त्यांपैकी पुष्कळ राजस्थानी कुटुंबांची आहेत. मुलगा आधी नातेवाइकाच्या काउंटरवर काही वर्षे काम करतो, मग नव्या वस्तीत गाळा घेतो. पहिला माल त्याला ठोक व्यापाऱ्याकडून त्या नातेवाइकाच्या शब्दावर उधार मिळतो.