अंथरूण कोण पाहणार?

बडोद्यात ‘गादी’ हा शब्द दोन अर्थांनी नांदला. एक गादी राजवाड्यातली. तिच्यावर १८७५ साली कवळाण्याचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन बसला आणि सयाजीराव महाराज म्हणून कीर्तिमान झाला. ती गादी १९४९ साली राज्याच्या विलीनीकरणाबरोबर इतिहासात जमा झाली. दुसरी गादी आपल्या माजघरातली. राज्ये गेली, संस्थाने गेली, पण ही गादी पुष्कळ घरांत अजून जागची हललेली नाही. दांडियाबाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात चौकशी केली तर ‘ही गादी कधीची?’ ह्या प्रश्नाला वर्ष मिळत नाही, लग्न मिळते. ‘थोरल्या आत्याच्या लग्नात केलेली’ असे उत्तर येते, आणि थोरल्या आत्याला आता पणतवंडे असतात.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण मुलांना शिकवतो. परंतु ही म्हण अंथरुणाची लांबी पाहावयास सांगते. त्याची अवस्था पाहावयास कोणी सांगत नाही. गादी जुनी झाली हे केव्हा समजावे, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

कानमचा कापूस

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न फारसा पडला नाही, ह्याचे कारण कापूस दाराशी होता. नर्मदा आणि ढाढर ह्यांच्या मधला काळ्या जमिनीचा कानम प्रदेश कापसासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. डभोईपासून मियागामपर्यंतचा अरुंद रुळांचा मार्ग खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली सुरू झाला, तेव्हा त्यावरच्या गाड्या बैल ओढीत. ह्या मुलखाचा देशी कापूस आखूड आणि जाड तंतूचा. तलम सुतासाठी जे वैगुण्य, तोच गादीसाठी गुण. जाड तंतू दाबला की परत उसळतो, लांब व मऊ तंतू लवकर चपटतो. १९७० साली सुरत येथील संशोधन केंद्रातून ‘संकर-४’ हे वाण बाहेर पडले, २००२ नंतर बीटी वाण आले, आणि लांब धाग्याच्या कापसाने शेते व्यापली. आज गादीवाल्याकडे पुष्कळदा गिरण्यांचा उरलासुरला कापूस मिळतो. तेव्हा आजीची गादी तीस वर्षे टिकली म्हणून आपलीही टिकेल, हा हिशेब आता धरता येत नाही.

दुसरे कारण पिंजारी. आतड्याची तात लावलेली ती लांब कमान आणि तिच्यावर पडणारा लाकडी ठोका ह्यांचा आवाज पोळीच्या तोंडाशी आला की बायका गाद्या बाहेर काढीत. तात थरथरली की गुठळीतला एकेक तंतू सुटा होई, धूळ व सरकीचे कण खाली पडत, आणि दगडासारखा झालेला कापूस ढगासारखा वर येई. ह्या व्यवसायाला परंपराही थोर आहे. इ. स. ९२२ मध्ये बगदादला देहदंड झालेला सूफी मन्सूर अल-हल्लाज, ह्याच्या नावातल्या ‘हल्लाज’ शब्दाचा अर्थच पिंजारी. गुजरातेतले पिंजारी स्वतःला मन्सुरी म्हणवितात. संत दादू दयाळ हेही जातीने पिंजारी होते अशी परंपरा आहे. आता कमानीच्या जागी विजेचे दातेरी यंत्र आले आहे. काम झटपट होते, परंतु तंतू अधिक तुटतात.

पिंजून घ्यावी की टाकून द्यावी?

नेहमी वापरातली कापसाची गादी दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी, असा जुना प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. एका माणसाच्या गादीत आठ-दहा किलो कापूस असतो. प्रत्येक पिंजणीत त्याचा काही भाग धूळ होऊन जातो. त्याची भरपाई नव्या कापसाने करावयाची. पहिल्या-दुसऱ्या खेपेस भर थोडी लागते. पण पिंजताना खाली कापसापेक्षा पिठासारखा भुगाच जास्त पडू लागला, आणि पिंजारी ‘अर्धा कापूस नवा घाला’ म्हणू लागला, तर त्या गादीचे आयुष्य संपले असे समजावे. त्यात उरलेल्या कापसाची फार तर लहान गिरदी करावी.

घरच्या घरी पाहण्याच्या खुणा सोप्या आहेत. गादी सपाट जमिनीवर घालून तिच्यावरून तळहात दाबत न्यावा. मध्ये खळगा आणि कडेला बांध लागला तर ती बसली आहे. हात काढल्यावर दाबलेली जागा वर येत नसेल तर तंतूंत जीव नाही. दोन दिवस कडक ऊन देऊनही कुबट वास जात नसेल तर दोष आत मुरला आहे. गादीपाट विरून टाके निसटत असतील तर नुसती नवी खोळ घालून भागत नाही. आणि सर्वांत विश्वासू खूण शरीराची. परगावी पाहुण्यांकडे गेल्यावर सकाळी कंबर धरत नाही आणि घरी धरते, तर हवापाण्याला श्रेय देण्यापूर्वी आपली गादी तपासावी.

उन्हाचे महत्त्व आपल्या बायकांनी शास्त्र न वाचता ओळखले होते. कापूस हवेतले पाणी शोषतो. साधारण हवेत त्याच्या वजनाच्या शेकडा आठ-साडेआठ भाग पाणी असते, म्हणजे दहा किलोच्या गादीत पाऊण लिटरहून अधिक. पावसाळ्यात ते दुपटीच्या घरात जाते. ह्याच ओलाव्यावर धुळीतले अतिसूक्ष्म किडे पोसतात. घरच्या धुळीने उठणाऱ्या दम्याचे मूळ ह्या किड्यांत आहे, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले. घरात कोणाला दमा असेल तर जुनी गादी हा काटकसरीचा विषय राहत नाही.

विश्वामित्रीच्या पाण्यात भिजलेल्या गादीबद्दल तर दुमत नसावे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात किती तळमजले बुडाले हे आपण पाहिले. गटाराच्या पाण्यात राहिलेली कापसाची गादी वरून वाळते, आत वाळत नाही. ती कोणाच्या आठवणीची असो, तिला निरोप द्यावा.

कठीण गादीच कमरेला बरी, हा समजही तपासून घ्यावा. स्पेनमधल्या डॉक्टरांनी कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत फार कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. बैठकीची गादी घट्ट हवी हे खरे. गवयाला आणि तबलजीला तासन्‌तास बसावयाचे असते. पण बैठकीची गादी निजायला घेणे, किंवा निजायची बसून कठीण झाली म्हणून तिलाच आरोग्यदायी ठरवणे, ही मनाची समजूत झाली.

ती गादी कोणाच्या वाट्याला?

खरा प्रश्न पुढेच आहे. आपल्या घरांत जुनी गादी सहसा टाकली जात नाही, ती सरकते. नवी गादी नव्या जोडप्याच्या खोलीत जाते, तिथली मुलांकडे येते, मुलांची आजीकडे. शेवटी सर्वांत गुठळ्यांची गादी त्या माणसाच्या वाट्याला येते, जे कधी तक्रार करीत नाही. पूर्वी ती माजघरातल्या विधवा आत्याची असे, आज ती मागच्या खोलीतल्या वृद्ध आईची किंवा घरी राहणाऱ्या मोलकरणीची असते. ‘मला काय करायची नवी? किती दिवस राहिलेत?’ असे आई म्हणते आणि आपण ते खरे मानतो. वास्तविक पातळ कातडीच्या, कुशीवर वळताना कण्हणाऱ्या म्हाताऱ्या देहालाच सपाट अंथरुणाची अधिक गरज. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला गुठळीची गादी जखम करते, आणि ती जखम भरता भरत नाही.

माणूस गेल्यावर आपण शय्यादान करतो. नवी गादी, नवी उशी, स्वच्छ चादर ब्राह्मणाला देतो आणि मृतात्म्याला सुखाची निद्रा लाभो म्हणतो. रूढीबद्दल बोलण्याचा हेतू नाही. परंतु तीच गादी दोन वर्षे आधी घरात आली असती तर तिच्यावर कोण निजले असते, एवढे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

दसऱ्याच्या झाडझुडीत गाद्या उन्हात निघतीलच. त्या वेळी मोजणी आपल्या पलंगापासून न करता मागच्या खोलीपासून करावी. आणि कोणती गादी अजून चालण्यासारखी आहे ह्याबद्दल घरात वाद पडलाच, तर घरच्या कर्त्याने तिच्यावर एक रात्र स्वतः निजून पाहावे. सकाळी निर्णय आपोआप होईल.