शिकाऱ्यापुढे उड्या मारणारे हरिण

वैरी दिसला की हरिण जीव घेऊन पळते, हे शाळेतले पोरही सांगेल. पण आफ्रिकेतील टांझानिया देशात, सेरेंगेटीच्या माळावर, थॉमसन गॅझेल नावाचे लहानसे हरिण आहे. आपल्या चिंकाऱ्याचे ते भाऊबंद. रानकुत्र्यांची टोळी मागे लागली म्हणजे ते पळता पळता चारही पाय ताठ करून सरळ वर उडते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा! अशा उड्यांत ताकद खर्च होते आणि पळही मंदावतो. मग जिवावर बेतले असता हा खेळ कशाला?

कळपाला सावध करण्यासाठी म्हणावे, तर एकटे हरिणही असेच उडते.

बैलबाजारात काय होते पाहा. शिंगे रंगवून, अंगाला तेल लावून कोणताही बैल तजेलदार दिसतो. जाणते गिऱ्हाईक म्हणते, गाडीला जुंपून दाखवा. ओझे ओढण्याचे सोंग बैलाला आणता येत नाही. इस्रायलचे प्राणिशास्त्रज्ञ अमोट्झ झहावी यांनी १९७५ साली असाच विचार मांडला, की जी खूण करायला महाग पडते तीच भरवशाची. त्यांनी तो आधी नर-मादीच्या निवडीसंबंधी मांडला होता. पुढे तो शिकार आणि शिकारी यांनाही लावला गेला.

उडणारे हरिण जणू सांगते, "माझ्यात दम आहे, उगाच धावू नका." आणि कुत्रे ते ऐकतात! क्लेअर फिट्झगिबन आणि जॉन फॅनशॉ यांनी सेरेंगेटीत केलेली निरीक्षणे १९८८ साली प्रसिद्ध झाली. कुत्रे मुख्यतः कमी उड्या मारणाऱ्या हरणांचा पाठलाग करीत, असे त्यांत आढळले. रानकुत्रे दबा धरून झडप घालीत नाहीत, लांबवर पाठलाग करून सावजाला दमवतात. तेव्हा धडधाकट हरणामागे धावणे म्हणजे त्यांचेही नुकसानच. इथे दया नाही की मैत्री नाही. दोघांचेही श्रम वाचतात, एवढाच व्यवहार.

गुरुजनांनी मुलांना हेही सांगावे, की हरिण असा हिशेब मनात मांडीत नाही. दम असताना उडणारी हरणे अधिक वाचली, त्यांची पिल्ले तशीच निपजली; खूण ओळखणाऱ्या कुत्र्यांची पोटे भरली. अशा असंख्य पिढ्या गेल्या.

दुबळ्या हरणाने मग खोट्याच उड्या का मारू नयेत? त्याला त्या परवडत नाहीत. उडण्यात दम गेला तर पळायला काय उरणार? कोरड्या दिवसांत, चारा निकस झाला म्हणजे, ही हरणे उड्याही कमी मारतात, असे त्याच निरीक्षणांत दिसून आले.