हिमझेप (भाग सहावा) : दोन शैलींचा विजेता येन्स वाइसफ्लोग

स्की जंपिंगच्या इतिहासात १९८० च्या दशकाची अखेर हा कालविभाजक टप्पा मानावा लागतो, कारण त्या सुमारास हवेत तरंगण्याची पद्धतच बदलली आणि जुन्या पद्धतीत मुरलेल्या अनेक खेळाडूंचे कौशल्य काही हंगामांतच निरुपयोगी ठरले. या बदलाच्या आधी आणि नंतरही वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारा खेळाडू म्हणून येन्स वाइसफ्लोगच्या कारकिर्दीचे मोल करावे लागते. निव्वळ ऑलिंपिक सुवर्णपदके मोजली, तर फिनलंडचा मात्ती न्यूकानेन त्याच्यापेक्षा सरस ठरतो.

१९६४ मध्ये पूर्व जर्मनीच्या एर्त्सगेबिर्ग या डोंगराळ भागात जन्मलेला वाइसफ्लोग ओबरवीसेनटाल येथे घडला आणि लहानखुऱ्या अंगकाठीमुळे ‘पिसू’ हे टोपणनाव त्याला कायमचे चिकटले. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये लहान उतारावर त्याने २१५.२ गुण मिळवून न्यूकानेनला अवघ्या १.२ गुणांनी मागे टाकले; मोठ्या उतारावर मात्र न्यूकानेनने त्याच्यावर १७.५ गुणांची आघाडी घेऊन परतफेड केली. या खेळात अंतराच्या गुणांखेरीज शैलीचेही गुण असतात : पाच परीक्षक प्रत्येकी २० पैकी गुण देतात आणि त्यांतील सर्वोच्च व नीचतम गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरली जाते. दोन्ही स्की एकमेकींना समांतर व चिकटून ठेवणे, अंग त्यांच्यावर पुढे झोकणे आणि जमिनीवर टेकताना एक पाय पुढे, एक मागे ठेवून गुडघे वाकवणे, ही त्या काळची निर्दोष उडी होती.

स्वीडनच्या यान बोकलेव्हने स्कींची टोके फाकवून मागील बाजू जवळ ठेवायला सुरुवात केली, तेव्हा परीक्षकांनी त्याचे शैलीगुण सर्रास कापले. तरीही १९८८-८९ च्या हंगामाचा विश्वचषक त्यानेच जिंकला. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या या मांडणीत शरीर स्कींच्या वर न राहता त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येते, त्यामुळे हवेला अधिक पृष्ठभाग मिळून वर उचलणारा जोर वाढतो. परीक्षकांची नजर इतकी वर्षे चुकीच्या गोष्टीला बक्षीस देत होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

दोन वेळा जगज्जेता झालेल्या वाइसफ्लोगला हे सारे सत्ताविशीत नव्याने शिकावे लागले. मोठ्या उतारावर खेळाडू ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने उड्डाणकठड्याशी येतो आणि झेपेसाठी त्याला सेकंदाचा लहानसा अंश मिळतो. तेवढ्यात विचार करून हालचाल करणे अशक्य असल्याने तेथे अंगवळणी पडलेली सवयच काम करते, आणि बदलायची होती ती नेमकी हीच सवय. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये त्याला एकही पदक मिळाले नाही. मोठ्या उतारावरील सुवर्ण ‘व्ही’ शैलीत उडी घेणाऱ्या सोळा वर्षांच्या टोनी निएमिनेनने नेले.

दोन वर्षांनी लिलेहामर ऑलिंपिकमध्ये मोठ्या उतारावर वाइसफ्लोगने यजमान नॉर्वेच्या एस्पेन ब्रेडेसेनला हरवून, सारायेव्होनंतर दहा वर्षांनी, दुसरे वैयक्तिक सुवर्ण मिळवले. सांघिक स्पर्धेत त्याची शेवटची उडी १३५.५ मीटरची पडली, पण तोवर आघाडीवर असलेल्या जपानच्या मासाहिको हारादाला साधारण उडीही पुरेशी होती; मात्र तो ९७.५ मीटरवरच उतरला आणि सुवर्ण एकीकृत जर्मनीकडे गेले. जर्मनी व ऑस्ट्रियातील चार ठिकाणी नववर्षाच्या आगेमागे होणारी ‘चार टेकड्यांची स्पर्धा’ वाइसफ्लोगने १९८४, १९८५ व १९९१ नंतर १९९६ मध्ये चौथ्यांदा जिंकली, हा त्या वेळचा विक्रम होता, आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला. हारादाने त्या ९७.५ मीटरची भरपाई १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कशी केली, ते पुढील भागात पाहू.