चार किलोबाइटांतली नदी

अटारी २६०० या यंत्रावरच्या ‘रिव्हर रेड’ खेळातली नदी कुठेही साठवलेली नाही. विमान पुढे जात राहते, काठ जवळ येतात, दूर सरतात, मध्येच बेट लागते, पूल उडवला की नवा टप्पा सुरू होतो. एवढा पसारा मावतो ४ किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये; हा लेख संगणकात साठवायला त्याहून जास्त जागा लागेल. १९८२ चा हा खेळ कॅरोल शॉ यांनी लिहिला. बर्कलीच्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकून त्या १९७८ मध्ये अटारी कंपनीत लागल्या आणि पुढे अ‍ॅक्टिव्हिजन या खेळ बनवणाऱ्या कंपनीत आल्या.

अटारीच्या या यंत्रात रॅम फक्त १२८ बाइट. पडद्यावरचे चित्र आधी तयार करून ठेवायला जागाच नाही. टीव्हीचा किरण एकेक ओळ रेखाटत जातो आणि त्या प्रत्येक ओळीमागे प्रोसेसरला ७६ चक्रे मिळतात. साधी सूचनासुद्धा किमान दोन चक्रे खाते. त्यामुळे प्रोग्रॅमरला किरणाच्या बरोबरीने धावत चित्र काढावे लागते. शॉ यांनी नदीचा नकाशा न ठेवता नदी घडवण्याचा नियम ठेवला. एक संख्या घ्यायची, तिचे बिट एकेक घर सरकवायचे, त्यांतल्या काहींच्या मेळातून रिकाम्या घरात नवा बिट भरायचा आणि तयार झालेल्या संख्येवरून पुढचा काठ ठरवायचा. पार्श्वभूमीच्या अर्ध्या भागाचे प्रतिबिंब दुसऱ्या अर्ध्यात उमटवण्याची सोय यंत्रातच होती. म्हणून दोन्ही काठ एकमेकांचे आरसे आहेत.

मग नदी यंत्रानेच काढली, असे कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. सुरुवातीची संख्या दर वेळी तीच असल्यामुळे नदीही दर वेळी तीच वाहते. खेळणारा तिची वळणे पाठ करू शकतो. हरण्यातून शिकणे त्यामुळेच शक्य होते. शिवाय इंधनाच्या टाकीवरून उडून टाकी भरायची की गोळी घालून गुण मिळवायचे, हा पेच कोणत्याही नियमातून आपोआप निघत नाही. टंचाईमुळे कल्पकता आली, हा दुसरा युक्तिवाद. पण तीच टंचाई त्या यंत्रासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला होती, आणि त्यातले कितीतरी खेळ आज कुणी लावूनही पाहत नाही.

हा वाद श्रेयाचा आहे, म्हणून तो महत्त्वाचा. अटारी खेळांवर प्रोग्रॅमरचे नाव छापत नसे. १९७९ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या चार प्रोग्रॅमरांनी जिम लेव्ही यांच्यासह अ‍ॅक्टिव्हिजन उभारली आणि खेळ लिहिणाऱ्याला लेखकासारखे नाव दिले. पण नाव मिळाले तरी धंदा टिकेलच असे नव्हते. १९८३ मध्ये अमेरिकेतली व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली; १९८४ मध्ये शॉ यांनी अ‍ॅक्टिव्हिजन सोडली आणि अटारी व अ‍ॅक्टिव्हिजनच्या मधल्या काळात जिथे काम केले होते, त्या टँडेम कॉम्प्युटर्स कंपनीत त्या परतल्या. १९९० मध्ये, पस्तिशीतच, त्या निवृत्त झाल्या. इतक्या समर्थ हाताला या माध्यमात जेमतेम सहा वर्षे मिळाली, आणि त्यातलाही काही काळ दुसऱ्या कामात गेला, हे नुकसान माध्यमाचे आहे. ‘रिव्हर रेड’च्या प्रोग्रॅमची छापील प्रत त्यांनी रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयाला दिली आहे.