भरलेलं धरण आणि चढवलेला घोडा

पावसाळा सरत आला की भंडारदऱ्याचं धरण काठोकाठ भरतं. अकरा टीएमसी पाणी दगडी भिंतीमागे थोपून राहतं आणि आवर्तन सुटतं ते दरवाजा थोडासा उचलल्यावर. हे विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. त्याच वर्षी बेल्जियमच्या लीएज शहरात जॉन ब्राउनिंग हा अमेरिकी शस्त्रकार काम करता करता वारला. धरण बांधणाऱ्यांपुढचा पेच त्यालाही आयुष्यभर सोडवावा लागला होता: ताकद साठवायची, हाताशी ठेवायची, पण मागितल्याखेरीज सुटू द्यायची नाही.

पिस्तुलात ही ताकद स्प्रिंगमध्ये साठते. घोडा (हॅमर) मागे चढवला की स्प्रिंग दबते. घोड्याच्या बुडाशी एक खाच असते आणि तिच्यात सियर नावाचा पोलादी दात अडकतो. ब्राउनिंगच्या 1911 सालच्या पिस्तुलात ही पकड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची आहे. एवढ्याशा कडेवर सगळा दाब तोललेला असतो. चाप ओढला की दात खाचेतून निसटतो, घोडा फायरिंग पिनवर आदळतो आणि गोळी सुटते. त्या धक्क्यानं नळीवरची सरकती स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, जाता जाता घोडा पुन्हा चढवते आणि परतताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत सारते. सेकंदाचा एक बारीकसा अंश, आणि धरण पुन्हा भरलेलं!

पिस्तुलांच्या तऱ्हा ठरतात त्या हे धरण भरतं कोण, यावरून. ‘सिंगल ॲक्शन’मध्ये ते आधीच भरलेलं असतं, चाप फक्त दरवाजा उचलतो. त्यामुळे ओढ हलकी आणि आखूड लागते. आपल्या लष्करात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं वापरलेलं, ईशापूरच्या कारखान्यात बनणारं 9 मिमीचं पिस्तूल याच जातीचं. त्याची मूळ घडण ब्राउनिंगनं सुरू केली आणि पुढे द्यूदोने सेव्ह यानं पुरी केली.

‘डबल ॲक्शन’मध्ये घोडा खाली असतो. चापच तो मागे चढवतो आणि सोडतोही. बोटाला लांब, जड ओढ लागते, आणि तो जडपणाच चुकून गोळी सुटू देत नाही. पहिल्या गोळीनंतर मात्र स्लाइड घोडा चढवून ठेवते, म्हणून पुढची ओढ हलकी होते. 1929 सालच्या जर्मन वॉल्थर पीपीनं ही पद्धत रुळवली. 1982 साली ऑस्ट्रियाच्या लष्करानं घेतलेल्या ग्लॉकनं तिसरी वाट काढली. त्यात बाहेर दिसणारा घोडाच नाही. त्याच्या जागी आत असलेला स्ट्रायकर अर्धवट ताणलेला राहतो आणि उरलेला ताण चाप देतो.

पिस्तूल कमरेला कसं बाळगायचं, हेही यावरूनच ठरतं. सर्वांत सावध रीत म्हणजे मॅगझिन भरलेलं, नळी रिकामी. स्लाइड ओढल्याशिवाय काहीच घडत नाही. डबल ॲक्शनवाला नळीत काडतूस ठेवून घोडा खाली ठेवतो. सिंगल ॲक्शनवाल्याला तयारीत राहायचं तर घोडा चढवून सेफ्टी लावावी लागते. 1911च्या पिस्तुलाला अंगठ्यानं लावायची सेफ्टी आली ती अमेरिकी घोडदळाच्या आग्रहावरून. बिथरलेल्या घोड्यावरच्या स्वाराचा एक हात लगामात अडकलेला. भरलेलं पिस्तूल त्याला दुसऱ्या एकाच हातानं निर्धोक करता यायला हवं होतं. ग्लॉकला बाहेरून लावायची सेफ्टी नाही. तीन अटकाव आतच बसवलेत, आणि चाप दाबताना ते एकामागून एक दूर होतात.

या यंत्राची खरी परीक्षा पाहायची तर कोल्हापूरच्या राही सरनोबतकडे पाहावं. 2018च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगला, 25 मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या नेमबाजाचे गुण 34-34 झाले. जादा फैरीतही बरोबरी. दुसऱ्या जादा फैरीत राहीनं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

25 मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत पिस्तुलांचा चाप तपासतात. नळी उभी धरून चापाला एक किलोचं वजन टांगतात आणि पिस्तूल वर उचलतात. घोडा पडला, तर ते पिस्तूल चालत नाही. नेमबाजाला ओढ जितकी हलकी तितकी सोयीची. तरी नियम कमीत कमी किती जड हवी ते सांगतो, जास्तीत जास्त किती ते सांगत नाही. गोळी झाडणं चालू नसेल तेव्हा नळीत भडक रंगाची पट्टी खोचून ती रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवावंच लागतं. गोळी उडवण्याची युक्ती माणसाला शतकांपूर्वीच साधली होती. ब्राउनिंगपासून ग्लॉकपर्यंतच्या कारागिरांनी अक्कल पणाला लावली ती नको तेव्हा ती उडू नये यासाठी, आणि मला या छोट्या यंत्रातलं सर्वांत मोठं आश्चर्य हेच वाटतं.