‘सौर कृषी वाहिनी’ : वऱ्हाडातील एका नव्या शब्दसमूहाचा अर्थविचार

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींच्या फलकांवर गेल्या काही वर्षांत ‘सौर’ या पदाने आरंभ होणारे अनेक शब्द दिसू लागले आहेत. ‘सौर कृषी पंप’ व ‘सौर कृषी वाहिनी’ हे त्यांतील प्रमुख होत. ऊर्जेच्या योजनांची चर्चा हा भाषाभ्यासकाचा विषय नव्हे, असा आक्षेप येणे शक्य आहे. परंतु ज्या शब्दाचा अर्थ विपरीत लागल्यास शेतकऱ्याची अपेक्षाच भलत्या वाटेने जाते, त्याची चिकित्सा भाषाभ्यासकाने करावयाची नाही, तर मग कोणी करावयाची?

प्रथम घटकपदे पाहू. ‘सौर’ हे ‘सूर्य’पासून साधलेले विशेषण मराठीत पूर्वी मुख्यतः कालगणनेचे होते. सौर मास, सौर वर्ष, आणि १९५७ पासूनची राष्ट्रीय सौर दिनदर्शिका, हे त्याचे परिचित प्रयोग. मौज अशी की, ‘ऊर्जा’ या शब्दाचे मूळही पंचांगापासून फार दूर नाही. ‘ऊर्ज्’ म्हणजे बल. आणि ‘ऊर्ज’ हे कार्तिक मासाचे प्राचीन नाव. आज हे दोन्ही शब्द पंचांगातून निघून वीज-उपकेंद्रात येऊन बसले आहेत.

खरी अडचण समासाच्या विग्रहात आहे. ‘सौर कृषी पंप’ म्हणजे सूर्यशक्तीवर चालणारा शेतीचा पंप. येथे ‘सौर’ हे ‘पंप’ या शेवटच्या पदाला लागते. ‘सौर कृषी वाहिनी’ची घडण वरून अगदी तशीच आहे, पण वस्तू निराळी आहे. विजेच्या परिभाषेत ‘वाहिनी’ म्हणजे उपकेंद्रातून निघून पंपांना वीज पुरविणारी तारांची ओळ. गावात तिला ‘फिडर’ म्हणतात. २०१७ साली आरंभ झालेल्या व २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राच्या परिसरात सौर प्रकल्प उभा राहतो, त्याची वीज त्या वाहिनीत सोडली जाते, आणि शेतकऱ्याची जुनी मोटार, जुनी तार, जुना खांब हे सारे तसेच राहते. बदलतो तो केवळ विजेचा प्रहर. तेव्हा वाहिनी सौर नसते. तिच्यातून वाहणारी वीज सौर असते. हा भेद समासात लुप्त होतो, आणि ‘वाहिनी सौर झाली’ असे ऐकून आपल्या वावरात ‘प्लेटा’ केव्हा बसणार, अशी पृच्छा होते.

प्लेटा बसतात त्या दुसऱ्या योजनेत. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेनुसार सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. मात्र ज्याच्याकडे पारंपरिक वीजजोडणी नाही त्याच्यासाठीच ही योजना आहे. एका मार्गात खांबाशी संबंध दृढ होतो, दुसऱ्यात तो उरतच नाही. इतके परस्परविरुद्ध अर्थ एकाच साच्याच्या दोन नावांत ठेवणे हे परिभाषाकारांचे चातुर्य खचित नव्हे. वीजजोडणीसाठी पूर्वीच पैसे भरून थांबलेल्या शेतकऱ्याला तर हा भेद फार जाचतो. ‘कोटेशन भरले’ हा त्याचा शब्दप्रयोग. ‘कोटेशन’ म्हणजे मूळचा दरपत्रकाचा कागद. येथे त्याला ‘तारेवरील हक्क’ असा अर्थ आला आहे. तो हक्क सोडून सौर पंप घ्यावा की काय, हा त्याचा प्रश्न असतो.

आता ‘ऊन’ या शब्दाकडे वळू. ‘उष्ण’पासून प्राकृत ‘उण्ह’ व त्यापासून मराठी ‘ऊन’. विदर्भात प्रचलित असलेला ‘तपन’ हा शब्द संस्कृतात प्रत्यक्ष सूर्याचे नाव. येथे तो स्त्रीलिंगी होऊन उन्हाच्या तापाचा वाचक झाला. म्हणजे सूर्यकिरणांना आपण दिलेली ही दोन्ही नावे उष्णतेची आहेत, प्रकाशाची नव्हेत. यातून सहजच असा ग्रह होतो की, जितकी तपन अधिक तितके पाणी अधिक. वस्तुस्थिती वेगळी आहे. सिलिकॉनच्या पट्टीला प्रकाश हवा असतो. ताप तिला बाधक असतो. पट्टीचे तापमान २५ अंश सेल्सियसच्या वर गेले की दर अंशामागे तिची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पट्टी ६५ अंशांपर्यंत तापली, तर सुमारे सहावा हिस्सा वीज कमी मिळते. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्यात उष्णतेपायी कलम १४४ लागू करावे लागले होते. तसल्या दिवसांत पट्ट्यांनाही वैशाख सोसत नाही. उलट रब्बीतील निरभ्र व थंड दुपार त्यांना मानवते, आणि हरभऱ्याच्या ओलिताचा काळही तोच. ‘पाचची मोटार’ या शब्दातही अशीच एक गफलत दडलेली आहे. तारेवरील पाचची मोटार वीज असेतोवर एकसारखे पाणी फेकते. सौर पंपाची धार सकाळी बारीक, दुपारी जाड आणि ढग येताच पुन्हा बारीक होते. अश्वशक्तीचा आकडा तोच, त्यातून मिळणारे आश्वासन मात्र निराळे.

अर्जाच्या अटींत ‘शाश्वत जलस्रोत’ असा एक शब्द आहे. ‘शाश्वत’ म्हणजे नित्य. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात (‘पाणबुडी’प्रमाणे येथेही ‘पाणी’चे ‘पाण’ होते) भूजल आहे, परंतु ते खारे आहे. ते काळ्या चिकण जमिनीला दिल्यास जमीनच बिघडते. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात पंपाला शक्ती कोठून मिळते हा प्रश्न गौण ठरतो. तेथे शेततळ्यातील पावसाचे पाणीच उपयोगी. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत याच्या उलट स्थिती दिसते: पाणी गोडे, पण उपशाने खोल गेलेले. सूर्याची वीज फुकट म्हणून उपसा वाढला, तर काय होईल याचा विचार योजनेच्या नावात मावत नाही. तो अन्यत्र व्हावयास हवा.

प्रकल्पाच्या जागेसंबंधीचे शब्द मात्र येथले आहेत. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. ती शासकीय असेल तर बहुधा ‘ई-क्लास’. गायरानासाठी रूढ झालेले हे नाव इंग्रजी अमदानीतील वर्गवारीची खूण बाळगून आहे. शासकीय कागदात ती निव्वळ ‘उपलब्ध जमीन’ असते; गुराख्याच्या तोंडी ती चराई असते. खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरलेली आहे. त्याला कोणी ‘मक्ता’ म्हणतात. पण मक्ता एका हंगामाचा किंवा वर्षाचा असतो. येथे वीजखरेदीचा करारच २५ वर्षांचा आहे. शब्द जुना वापरला म्हणून मुदत जुनी राहत नाही, हे सही करण्यापूर्वी कोणीतरी समजावून सांगणे इष्ट.

शेवटी ‘जागल’. तीन फेजची वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच येत असल्याने शेतकऱ्याला अंधारात, सापविंचवांत ओलीत करावे लागते, आणि त्या जागण्यालाही हाच शब्द लागू झाला. मूळ अर्थाने जागल म्हणजे पिकाची राखण. दिवसा वीज मिळाली की पहिली जागल संपेल. रोही व रानडुकरे यांच्यापायी दुसरी चालूच राहील.